शिकरणीत पडलेली लवंग

ज्या वहीतून हे पुस्तक निघालं, तिच्या पहिल्या पानावर बिअरचं नाव नाही, तारीख नाही, किंमत नाही. नुसती एक ओळ आहे: ‘शिकरणीत लवंग पडल्यासारखं लागतंय.’

ही ओळ लिहिणाऱ्या बाई शाळेत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. म्हणून बिअर चाखणाऱ्या या गटातले सगळे, वयाने मोठे असलेलेसुद्धा, त्यांना बाईच म्हणतात. त्या संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदाच गव्हाची बिअर तोंडाला लावली होती. बव्हेरियातली ही गढूळ, सोनेरी बिअर. जर्मन लोक तिला हेफेवायझेन म्हणतात. हेफे म्हणजे यीस्ट, वायझेन म्हणजे गहू. तिच्यात केळं नसतं आणि लवंगही नसते. केळ्याचा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा, लवंगेचा ४-व्हिनाइल ग्वायाकॉलचा, आणि दोन्ही त्या विशिष्ट जातीचं यीस्ट आंबवता आंबवता तयार करतं. इंग्रजी पुस्तकं ‘केळं आणि लवंग’ असं लिहून पुढे सरकतात. बाईंच्या ओळीत मात्र दूध आलं, साखर आली, चमच्याने कुस्करलेलं केळं आलं, आणि लवंग दाताखाली येते तो दचकवणारा क्षणही आला. गव्हामुळे ही बिअर जिभेवर जरा दाट, मऊ लागते; तो मऊपणा ‘शिकरण’ या शब्दात आपोआप बसला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी दोनशे पानी वही आणली आणि ती ओळ तिच्यात उतरवून घेतली. या पुस्तकाला जे सांगायचं आहे ते मला वाटतं तिथेच सांगून झालंय. पुढचं मी लिहितोय ते प्रस्तावना लिहा म्हणून सांगितलं म्हणून.

मराठीत लोक दारू पितात कमी, बसतात जास्त. ‘शनिवारी बसू या का?’ या प्रश्नात कोण कोण, कुठे आणि किती वाजता हे सगळं असतं. काय प्यायचं हे मात्र नसतं. ते बिअर शॉपीच्या काउंटरवर ठरतं आणि तिथेही प्रश्न दोनच: स्ट्राँग की माइल्ड, आणि थंड आहे का? आपल्याकडे खपणारी बहुतेक बिअर स्ट्राँग असते, लेबलवर आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल छापलेली. ती बर्फासारखी थंड हवी असते, कारण थंडीने जीभ बधिर होते आणि बधिर जिभेला काही कळत नाही. अशा बिअरबद्दल बोलण्यासारखं फार नसतंच. ‘चढली’ किंवा ‘चढली नाही’ एवढ्यात परीक्षण आटोपतं. मी हे नाक मुरडून लिहीत नाही. माझी पहिली वीस वर्षं याच परीक्षणात गेली आहेत.

या गटातही सुरुवातीला बसणंच होतं. कोथरूडमधल्या एका गच्चीवर आठ जण जमायचे. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, एक दंतवैद्य, ओरेगनमध्ये सहा वर्षं राहून परतलेलं एक जोडपं, म्हापशाचा एक तरुण, बाई, आणि आणखी दोघे. मी मधूनमधून जाणारा नववा. बसण्याचं चाखणं झालं ते हिशेबातून. एके दिवशी जोडप्याने एकच चांगली बाटली आणली होती, साडेसहाशे मिलीची. आठांत वाटल्यावर माणशी ऐंशी मिली आली. क्वार्टरचं गणित पाठ असलेल्या काकांनी ग्लास उजेडात धरला आणि म्हणाले, ‘एवढ्यात काय होणार? वासच घेत बसावा लागेल.’ मग सगळे वास घेत बसले.

ऐंशी मिलीत माणूस हळू होतो. तेव्हापासून हेच माप राहिलं. फिकटपासून गडदकडे जायचं, मध्ये पाणी आणि साधा पाव. चकणा शेवटी, कारण मसाला शेंगदाण्यानंतर कुठलीही बिअर मसाला शेंगदाण्यासारखीच लागते.

पुण्यात हे घडायला शहराचीही मदत झाली. २००९ साली सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ऑलिव्हर शाउफ या जर्मन ब्रूमास्टरला बरोबर घेऊन पुण्यात ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू केली. टाकीत तयार झालेली, बाटलीत कधीच न गेलेली ताजी बिअर इथल्या लोकांच्या तोंडी लागली ती तेव्हापासून. पुढे मुंढवा, कोरेगाव पार्क, बाणेर अशा भागांत आणखी मायक्रोब्रुअरी निघाल्या. पण मला त्या पहिल्या नावाचं कौतुक जास्त आहे. इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणजे डोकं फिरलेला. हा शब्द नाशिकजवळच्या देवळालीचा आहे. तिथे ब्रिटिश फौजेची छावणी होती आणि मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट पाहत तिथे महिनोनमहिने पडून असायचे. हाताला काम नाही, वर ऊन, अंगात हिवताप, जवळ दारू. त्यांतल्या एखाद्याचं डोकं फिरलं की बाकीचे म्हणायचे, याला ‘डूलाली टॅप’ झालाय. टॅप म्हणजे ताप. आपलंच गाव आणि आपलाच ताप गोऱ्यांच्या तोंडात वाकडे होऊन विलायतेला गेले आणि दीडेकशे वर्षांनी बिअरच्या ग्लासावर चढून पुण्यात परत आले. काका अजूनही त्या जागेला देवळालीच म्हणतात. ‘देवळालीला जायचंय का?’ असं त्यांनी विचारलं की नवख्या माणसाला वाटतं नाशिकची गाडी पकडायची आहे.

चाखणारे एकत्र येऊन एकमेकांना सांगू लागले की बिअर सुधारते, हे जगात इतरत्रही दिसलं आहे. १९७१ साली आयर्लंडमधल्या केरी परगण्यात सुट्टीवर गेलेल्या चार इंग्रजांना आपल्या देशातल्या पबमधली बेचव, कारखानी बिअर सहन होईनाशी झाली होती. त्यांनी ‘कामरा’ ही चळवळ काढली. पिंपातच मुरणारी पारंपरिक एल वाचवायची हा तिचा हेतू. पण तिचं खरं हत्यार होतं शिफारशींचं पुस्तक: कुठल्या गावी कुठल्या पबात गेलात तर चांगली बिअर मिळेल. १९७७ मध्ये मायकल जॅक्सन (गायक नव्हे, यॉर्कशरचा पत्रकार) याने जगभरातल्या बिअरची ओळख करून देणारं पुस्तक लिहिलं आणि कुठली बिअर कुठल्या घराण्यातली याची मांडणी केली. आज आपण ज्या प्रकारांच्या नावाने बोलतो ती बरीचशी त्याच्या मांडणीतून आलेली आहेत. अमेरिकेत घरी बिअर करायला केंद्र सरकारची मोकळीक मिळाली ती जिमी कार्टर यांनी १९७८ च्या ऑक्टोबरात सही केलेल्या कायद्याने. चार्ली पापाझियन हा कोलोरॅडोतला शाळामास्तर त्याच्याही आधीपासून संध्याकाळी लोकांना घरच्या बिअरचे धडे देत होता. बाईंना हा माणूस फार आवडतो. मास्तरकीचं सार्थक झालं म्हणतात.

पण हा इतिहास या वहीत कमी आहे, आणि ते बरंच आहे. वहीत आहे ते स्वयंपाकघर.

सुरुवात माल्टपासून. बिअरचं धान्य म्हणजे जव. आपल्याकडे त्याला सातूही म्हणतात. माल्ट करणं म्हणजे मोड आणणं. जव भिजवायचा, मोड फुटू द्यायचा, आणि कोंब वाढून दाण्यातलं सगळं सत्त्व खाऊन टाकायच्या आत भट्टीत वाळवायचा. मोड येताना दाण्यात जी एन्झाइम्स जागी होतात ती पुढे गरम पाण्यात स्टार्चची साखर करतात, आणि ती साखर यीस्ट खातं. एवढंच. ज्या घरात नाचणीला मोड काढून, वाळवून, दळून बाळासाठी सत्त्व केलं जातं, त्या घराला माल्ट म्हणजे काय ते वेगळं शिकवायला नको. जव किती आचेवर वाळवला त्यावर बिअरचा रंग आणि चव ठरते. मंद आचेचा बिस्किटासारखा लागतो, अधिक आचेचा खरपूस पावाच्या कडेसारखा. स्टाउटसाठी तर जव काळा होईपर्यंत भाजतात. पहिल्या स्टाउटवर काकांची नोंद आहे: ‘नाचणीची भाकरी, एक बाजू करपलेली. लोणी हवं होतं.’ इंग्रजी पुस्तकात त्या जागी कॉफी आणि कडू चॉकलेट असतं. तेही खोटं नाही. पण काकांनी वयाच्या पन्नाशीपर्यंत कडू चॉकलेट खाल्लं नव्हतं आणि करपलेली भाकरी बऱ्याचदा खाल्ली होती.

हॉप्सला मराठी शब्द नाही आणि तो घडवण्याच्या भानगडीत इथे कुणी पडलेलं नाही. उंच चढणाऱ्या वेलीची ती हिरवी, कागदासारख्या पाकळ्यांची बोंडं. वनस्पतीशास्त्राने गांजाच्या कुळात घातलेली. त्यांच्यात कडूपणाही असतो आणि वासही. माल्टच्या उकळत्या रसात लवकर टाकले तर कडूपणा उतरतो आणि वास उडून जातो. शेवटी टाकले तर वास राहतो आणि कडूपणा थोडाच येतो. हे समजावताना ओरेगनच्या जोडप्याने बराच वेळ घेतला. त्यांचं झाल्यावर दंतवैद्य म्हणाल्या, ‘म्हणजे फोडणीतला कढीपत्ता आणि वरून घातलेली कोथिंबीर.’ यापेक्षा सोपं स्पष्टीकरण मी कुठे वाचलेलं नाही.

कडूपणाच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. कडसर, कडवट, कडू, कडूजहर. शिवाय प्रत्येकाला आपापलं झाड. मेथीचा कडूपणा जिभेवरून लवकर उतरतो. कारल्याचा गुळाने झाकता येतो. पाडव्याला चावलेला कडुनिंब घशात जाऊन बसतो आणि काडेचिराईत तर दुसऱ्या दिवशीही आठवतं. बिअरचा कडूपणा मोजायचं एकक आहे, त्याचे आकडे बाटलीवर छापतातही. पण आकडा कडूपणा किती ते सांगतो, तो कुठे लागतो आणि केव्हा जातो ते सांगत नाही. वहीत तुम्हाला ‘मेथीकडू, लगेच गेला’ आणि ‘पाडव्याचा, पाण्यानेही जात नाही’ अशा नोंदी भेटतील. त्यांतली दुसरी तक्रार नाही, शिफारस आहे.

आता दोषांकडे येतो. या पुस्तकाचा हा सगळ्यात चांगला भाग आहे, आणि काही वाचकांना तो नकारात्मक वाटेल. मला विचाराल तर आपल्या भाषेची जीभ इथे सर्वांत तिखट चालते. चांगल्या चवीला आपण ‘छान’, ‘मस्त’ म्हणून गप्प बसतो. बिघडलेल्या चवीसाठी मात्र आपल्याकडे कोठार आहे: खवट, कुबट, ओशट, करपट, आंबूस, वासट. भाजी उतरते, वरण विटतं, दूध नासतं. प्रत्येक पदार्थाला बिघडायला वेगळं क्रियापद. फ्रिज नसलेल्या घरांत शेकडो वर्षं सकाळी झाकण काढून नाक खुपसणाऱ्या बायकांनी घडवलेली ही परिभाषा आहे. बिअर पारखायला दुसरं काय लागतं?

एका शनिवारी एका नव्या ब्रुअरीची फिकट लागर आली होती. सगळ्यांनी घोट घेतला, माना डोलावल्या. बाईंनी ग्लास नाकाशी धरला, खाली ठेवला, आणि आत स्वयंपाकघराकडे बघून विचारलं, ‘लोणी कढवताय का कुणी?’ कुणीच काही कढवत नव्हतं. मग एकेकाने पुन्हा वास घेतला आणि एकदा ऐकल्यावर ते लोणी कुणालाच विसरता येईना. याचं नाव डायअ‍ॅसिटिल. सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नला जो लोण्याचा वास येतो त्याच्या जवळचा. आंबवताना तो तयार होतोच. पण टाकीत बिअरला आणखी एकदोन दिवस, जरा उबेत, राहू दिलं तर यीस्ट तो परत खाऊन टाकतं. घाई करून टाकी थंड केली की लोणी राहून जातं. थोडक्यात, बाईंनी त्या ब्रुअरीची घाई वासावरून पकडली होती. ब्रुअरीचं नाव पुस्तकात गाळलं आहे. तिच्या पुढच्या खेपेत लोणी नव्हतं आणि ती नोंदही शेजारीच आहे.

दुसरा दोष उन्हाचा. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर प्रकाश पडला की त्यांची मोडतोड होऊन गंधकाचं एक संयुग तयार होतं. इतकं वासट की नाकाला त्याचा लवलेशही पुरतो. तपकिरी काच हे बऱ्यापैकी अडवते. हिरवी फारशी नाही, पांढरी मुळीच नाही. इंग्रजीत अशा बिअरला ‘स्कंक’ म्हणतात, अमेरिकेतल्या एका घाणेरड्या वासाच्या जनावरावरून. आता हे जनावर कोथरूडमध्ये कुणी हुंगलंय? म्हणून प्रयोग केला. एकाच बाटलीतली बिअर दोन काचेच्या ग्लासांत ओतली. एक आत ठेवला, दुसरा भर दुपारी गच्चीच्या कठड्यावर. वीस मिनिटांनी दोन्ही ग्लास फिरवले. म्हापशाचा तरुण म्हणाला, जळकं रबर. दंतवैद्य म्हणाल्या, हिंगाचा डबा. काका म्हणाले, शेजारच्या गॅरेजचा वास आहे हा, बिअरचा नाही. कुणाचंच कुणाशी जुळेना. शेवटी बाईंनीच निकाल दिला: ‘हिला ऊन लागलंय.’ त्या दिवसापासून वहीत दुसरा शब्द नाही. बिअर शॉपीच्या दर्शनी काचेत, ट्यूबलाइटखाली मांडून ठेवलेली हिरवी बाटली दिसली की आता मलाही वाटतं, बिचारीला ऊन लागलं असणार.

जुनी झालेली बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. वहीत ‘पावसात भिजलेलं दप्तर’. उकडलेल्या कणसाचा वास आला तर समजावं की रस नीट उकळला नाही किंवा उकळल्यावर झटकन थंड झाला नाही. या दोन्हींवर फार रेंगाळत नाही, आत त्यांच्यावर पुरेशी पानं आहेत.

एक किस्सा मात्र इथेच दुरुस्त करायला हवा, कारण तो प्रत्येक टेबलावर सांगितला जातो. हिंदुस्थानातल्या गोऱ्यांना बिअर पाठवायची तर आफ्रिकेला वळसा घालून चारसहा महिन्यांचा प्रवास. साधी बिअर वाटेत नासायची. म्हणून लंडनच्या हॉजसनने मुद्दाम खूप हॉप्स आणि खूप अल्कोहोल घालून नवी बिअर शोधली, तीच इंडिया पेल एल, अर्थात आयपीए. गोष्ट म्हणून फक्कड आहे, पण अशी घडलेली नाही. हॉजसनच्या आधीही बिअर हिंदुस्थानात येत होती आणि काळी पोर्टरसुद्धा तो प्रवास सोसत होती. हॉजसनची बो ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीच्या जवळ होती आणि तो जहाजांच्या कप्तानांना सढळ उधारी द्यायचा. त्याच्या यशात याचा वाटा मोठा. गरम देशात जाणाऱ्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घालावेत हे त्या काळच्या ब्रुअरना माहीतच होतं. पुढे इंग्लंडातल्या बर्टन गावच्या ब्रुअरनी त्याचा बाजार काबीज केला. ती बिअर मुंबईच्या बंदरात उतरायची, पण प्यायचे साहेब. नावात इंडिया असलेली ही बिअर सामान्य मुंबईकराच्या तोंडी लागली ती एकविसाव्या शतकात, आणि तीही अमेरिकेत नव्याने घडलेल्या अवतारात. म्हणजे आपल्या नावाचं पत्र आपल्याला दोनशे वर्षांनी, तिसऱ्याच पत्त्यावरून मिळालं.

शिफारशींबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण हे पुस्तक विकत घेणारा बहुधा तेवढ्यासाठीच घेईल: कुठली बिअर चांगली ते सांगा. सांगणं सोपं आहे. कुणी सांगितलं ते कळल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. गोव्यात मार्च-एप्रिलमध्ये काजूची उर्राक येते तेव्हा म्हापशाचा तरुण तिथून फोन करतो. तो कधीच नुसतं ‘उर्राक चांगली आहे’ म्हणत नाही. अमक्या वाड्यावरच्या तमक्याच्या भट्टीची, काल काढलेली, आणि मामाला आवडली असं सांगतो. मामा हा त्यातला महत्त्वाचा भाग आहे. मामाची जीभ सगळ्या घराला माहीत असते. मामाला आवडली म्हणजे जहाल असणार, हे ऐकणारा आपोआप वजा करून घेतो.

वहीतही तेच केलेलं आहे. प्रत्येक नोंदीपुढे लिहिणाऱ्याची खूण आहे आणि त्यापुढे एक रकाना आहे, जो मी दुसऱ्या कुठल्याच चाखण्याच्या वहीत पाहिलेला नाही: ‘दुपारचं जेवण’. मिसळ खाऊन आलेल्या माणसाने संध्याकाळी नाजूक लागरला ‘पाणचट’ म्हटलं तर दोष कुणाचा, हे त्यावरून कळतं. काकांच्या नोंदी वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. काकांना कडू लागतच नाही. पिळून पाणी न काढता कारल्याची भाजी खाणारा माणूस तो. त्यांचं ‘कडसर’ म्हणजे तुमचं आमचं कडूजहर. एकदा बाईंनी शाळेच्या प्रयोगशाळेची आठवण म्हणून पीटीसी या रसायनाच्या कागदी पट्ट्या आणल्या. १९३१ साली अमेरिकेत आर्थर फॉक्स नावाच्या रसायनतज्ज्ञाच्या हातून त्याची पूड हवेत उडाली. शेजारचा माणूस कडू कडू म्हणून ओरडला आणि फॉक्सला स्वतःला काहीच लागेना. तेव्हा कळलं की काहींच्या जिभेला हा कडूपणा जन्मतःच लागत नाही. आमच्यात सात जणांनी पट्टी थुंकली. काका ती चघळत म्हणाले, ‘कागद आहे.’ बाईंनी लगेच बजावलं की पीटीसी न लागणाऱ्याला हॉप्सही लागणार नाहीत असा सरळ नियम नाही. पण तोवर काकांच्या सगळ्या जुन्या नोंदी लोकांनी मनातल्या मनात पुन्हा वाचायला घेतल्या होत्या.

माझीही पत पुस्तकात नीट नोंदलेली आहे. तीन ग्लासांची परीक्षा म्हणून एक प्रकार असतो, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये १९४०च्या दशकात वापरात आलेला. दोन ग्लासांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. वेगळी कुठली ते ओळखायचं. त्यांतली एक बिअर मी वर्षभर सगळ्यांना आग्रहाने सांगत आलो होतो. तिला मी झोपेतही ओळखीन असं म्हणालोही होतो. सहा वेळा परीक्षा झाली, दोनदा बरोबर आलं. बाई म्हणाल्या, ‘डोळे मिटून बोट ठेवलं असतंत तरी एवढंच आलं असतं.’ तेव्हा या प्रस्तावनेत मी कुठल्याही बिअरचं नाव घेऊन शिफारस केलेली नाही हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलंच असेल.

पुस्तकात घरी बिअर करण्याची कृती नाही. परवान्याशिवाय ती करता येत नाही आणि गटाने ती केलेलीही नाही. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट एकवीस आहे आणि पिण्याचा परवाना लागतो. काकांनी आपला परवाना लॅमिनेट करून घेतला आहे. डॉक्टरांनी नको म्हटलेल्यांनी हे पुस्तक नुसतं वाचावं. आठांतल्या एकाला तसं सांगितलं गेलंय आणि तो आता फक्त वास घेतो. त्याच्या नोंदी सगळ्यांत बारकाईच्या आहेत.

शेवटी एका न मिटलेल्या वादाबद्दल. अमेरिकन पेल एल म्हटली की कास्केड जातीचे हॉप्स आलेच. ते ओरेगनमध्ये पैदास केलेले आणि १९७२ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आलेले. सिएरा नेवाडाच्या पेल एलने १९८०च्या सुमारास त्यांना प्रसिद्धी मिळवून दिली. त्यांच्या वासाला इंग्रजीत ग्रेपफ्रूट म्हणतात. जोडप्याला ते फळ रोजच्या ओळखीचं. बाकीच्यांनी सुपरमार्केटात लांबून पाहिलेलं. दंतवैद्य म्हणाल्या, हे ईडलिंबू आहे. काका म्हणाले, नाही, पपनस. आणि नुसतं पपनस नाही, पपनस सोलताना सालीतून जो फवारा डोळ्यात उडतो तो. म्हापशाचा तरुण म्हणाला, आमच्याकडे याला तोरिंजण म्हणतात, चवथीला गणपतीवरच्या माटोळीत बांधतो, आणि दोन दिवसांनी सगळ्या खोलीला हाच वास येतो. यावर तीन शनिवार गेले. संपादकांनी एकच शब्द ठेवावा म्हणून खूप प्रयत्न केला. शेवटी नोंद जशी होती तशीच छापली आहे, तिन्ही शब्द, तिन्ही खुणा आणि त्या दिवशीची तिन्ही जेवणं. गणपतीच्या आसपास मंडईत पपनस येतं. एक घरी आणा, नखाने साल जराशी खरवडा, आणि ग्लासशेजारी ठेवून बघा कुणाचं बरोबर येतंय ते.